पायांखालची ऊब

दर महिन्यास या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास, नाहीं तर घराची डागडुजी यांविषयींचे प्रश्न असतात. या खेपेस आलेलें एक पत्र मात्र आम्हीं दोन वेळां वाचलें. पत्र नाशिकच्या एका भगिनीचें आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत स्थायिक झाले असून स्टुटगार्टजवळ त्यांनीं नुकतेंच घर घेतलें आहे. सूनबाईंना सातवा महिना लागला आहे. दिवस ऐन हिवाळ्यांत भरतील. बाळंतपणासाठीं पत्रलेखिका स्वतः जाणार आहेतच. परंतु शहात्तर वर्षांच्या आजीबाईंनींही पणतवंडाचें तोंड पाहण्यास सोबत जावें, अशी घरांतील सर्वांची इच्छा आहे. आजीबाईंनीं होकार दिला, पण नातवास एक प्रश्न विचारला : "तुझ्या घरांत चूल नाहीं, शेगडी नाहीं. मग त्या बर्फांत बाळंतिणीच्या बाजेखालीं मी ठेवूं तरी काय?" नातवानें उत्तर दिलें, "आजी, आमची जमीनच गरम असते." आजीबाईंना ही थट्टा वाटली. त्यांनीं आपल्या सामानांत एक लहानशी लोखंडी शेगडी बांधून ठेविली आहे, आणि कोळसा तिकडे दुकानांत मिळतो असें कळल्यापासून त्या अगदीं निश्चिंत आहेत.

पत्रलेखिका पुढें विचारतात, "जमीन तापविणें हा काय प्रकार आहे? त्यानें बाळंतिणीचें भागेल काय? आणि सासूबाईंची समजूत कशी घालावी? नातवाचें बोलणें त्या हंसण्यावारी नेतात; आपल्या मासिकांत छापून आलेलें मात्र चष्मा लावून वाचतात."

हा विश्वास आमच्यावर मोठी जबाबदारी टाकणारा आहे. म्हणून प्रश्नांचा क्रम मोडून शेवटचें उत्तर आम्ही आधींच देतों : आजीबाईंनीं जर्मनीस अवश्य जावें, आणि शेगडी नाशिकांतच ठेवावी. असें कां, हें सांगण्यासाठीं थोडें दूरवर फिरून यावें लागेल; वाचकांनीं सोबत करावी.

थंडीच्या दिवसांत पहाटे स्नान करून देवघराच्या शहाबादी फरशीवर पाय ठेवला कीं कळ थेट मस्तकापर्यंत जाते. शेजारींच मांडलेल्या लांकडी पाटावर तोच पाय ठेवला तर तसें कांहीं होत नाहीं. यावरून आपण म्हणतों कीं फरशी थंड आहे व पाट ऊबदार आहे. वास्तविक रात्रभर एकाच खोलींत राहिल्यामुळें दोहोंचें उष्णतामान एकच असतें. फरक इतकाच कीं दगड आपल्या तळपायांतील उष्णता झपाट्यानें ओढून घेतो आणि लांकूड ती सावकाश घेतें. म्हणजे थंडी म्हणून कांहीं पदार्थ बाहेरून शरीरांत शिरत नाहीं. शरीराची ऊबच बाहेर निघून जात असते. घर ऊबदार ठेवणें याचा अर्थ अंगास भाजणें असा नसून अंगची ऊब फार वेगानें जाऊं न देणें असा आहे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढचें सर्व सोपें होतें.

ही ऊब जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन. स्पर्शानें जाते तें वहन. हवेच्या हालचालीबरोबर जाते तें अभिसरण. आणि मध्यें कोणताही पदार्थ नसतांना, सूर्याचें ऊन आपल्यापर्यंत येतें त्या रीतीनें जाते तें प्रारण. पौषांतल्या सकाळीं अंगणांत हवा बोचरी असते, तरी कोंवळ्या उन्हांत बसलें कीं बरें वाटतें; तेथें हवेचें कांहीं चालत नाहीं, ऊन आपलें काम करतें. उलट खोलींत एका कोपऱ्यांत हवा तापविणारें यंत्र ठेविलें तर तापलेली हवा हलकी होऊन छताकडे जाते. उष्णता वर चढते असें आपण म्हणतों, तें अर्धेंच खरें. वर चढते ती तापलेली हवा. परिणाम असा कीं छताशीं उन्हाळा आणि पायांशीं हिवाळा. आपलीं वडील माणसें सांगत आलीं कीं डोकें थंड व पाय गरम असावेत. तें नेमकें उलटें होतें. जमीनच किंचित् तापविली तर मात्र पायांची ऊब ओढून घेणारा दगड ती ओढूं शकत नाहीं. खोलीभर पसरलेला तो मोठा पृष्ठभाग भिंतींकडे, सामानाकडे व माणसांकडे सौम्य प्रारण करीत राहतो. आणि हवेचें उष्णतामान एकदोन अंशांनीं कमी असलें तरी तितकेंच सुख लाभतें.

ही कल्पना आपल्याला अगदींच परकी आहे असें आजीबाईंनीं समजूं नये. त्यांच्या माहेरच्या चुलीला वैल असेलच. मुख्य चुलींतील जाळ व तापलेला वायु मातीच्या पोटांतल्या वाटेनें शेजारच्या वैलाखालीं जातो, आणि वेगळें सरपण न घालतां आमटी गरम राहते. वायां जाणारी आंच वळवून दुसऱ्या कामीं लावणें, हेंच या विद्येचें बीज. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौदाव्या अध्यायांत स्वेदनाचे, म्हणजे शेकण्याचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अश्मघन या प्रकारांत माणसाच्या लांबीची शिळा लांकडें पेटवून तापवावयाची, निखारे पुरते काढून टाकावयाचे, शिळेवर ऊन पाणी शिंपून वर वस्त्र अंथरावयाचें आणि मग रोग्यास तिच्यावर निजवावयाचें. कर्षू या प्रकारांत बाजेखालीं खड्डा करून त्यांत धूर नसलेले निखारे भरावयाचे. आपल्या बाळंतिणीची बाज व तिच्याखालची शेगडी यांचें हें जुनें रूप दिसतें. या दोन प्रकारांतील भेद वाचकांनीं मनांत नोंदवून ठेवावा : पहिल्यांत निखारे काढून टाकलेले आहेत, दुसऱ्यांत ते माणसाखालीं तसेच आहेत. याच भेदावर पुढें कित्येकांचे प्राण अवलंबून राहिले.

आतां थोडें पश्चिमेकडे पाहूं. दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन लोकांनीं आपल्या स्नानगृहांसाठीं पोकळ जमिनी बांधल्या. विट्रुव्हिअस या स्थापत्यशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत त्यांची कृति दिली आहे. खालचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता करावा, इतका कीं आंत टाकलेला चेंडू आपोआप परत भट्टीकडे घरंगळत यावा. त्या तळावर आठ आठ इंचांच्या विटांचे दोन फूट उंचीचे ठेंगणे खांब उभारावेत, आणि त्यांवर दोन दोन फुटांच्या फरश्या टाकून वर जमीन करावी. बाहेर भट्टी पेटली कीं जाळ व तापलेला वायु त्या खांबांमधून खेळत जाई. पुढें भिंतींच्या आंतही मातीच्या चौकोनी नळ्या बसवून तो वायु वर नेऊं लागले. इंग्लंडांत बाथ या गांवीं रोमन स्नानगृहांचे असे खांब आजही पाहावयास मिळतात. परंतु ही चैन सार्वजनिक स्नानगृहांची व धनिकांच्या वाड्यांची होती. रोमन साम्राज्य मोडलें आणि पश्चिम युरोपांत ही विद्या बहुतेक लोपली. पूर्वेकडील हम्मामांत ती टिकून राहिली. आपल्याकडे काश्मीरांत मशिदींतून व कांहीं घरांतून दगडी जमिनीखालीं बाहेरून लांकडें जाळून तापविलेल्या हम्मामाच्या खोल्या आजही वापरांत आहेत.

ज्या देशांत ही विद्या राजवाड्यापासून झोंपडीपर्यंत पोहोंचली, तो देश म्हणजे कोरिया. तेथें तापविलेल्या जमिनीस ओंडोल म्हणतात. ‘ऊबदार’ या अर्थाचें अक्षर त्या नांवाच्या आरंभींच आहे. तेथील जुन्या घरांत स्वयंपाकघराची जमीन निजण्याच्या खोलीपेक्षां खालच्या पातळीवर असे. चुलीचा जाळ भांड्याखालून थेट शेजारच्या खोलीच्या जमिनीखालीं शिरे, दगडी पाट्यांखालच्या वाटांतून फिरे आणि घराच्या दुसऱ्या टोकाच्या धुराड्यांतून बाहेर पडे. पाट्यांवर मातीचा लेप व त्यावर तेल पाजलेला जाड कागद, अशी ती जमीन गुळगुळीत व पिंवळसर दिसे. सांजचा स्वयंपाक झाला कीं त्याच जाळावर रात्रीची ऊब साधे. दगड तापावयास वेळ लागतो, तसाच निवावयासही लागतो. आपल्या वैलाचीच ही थोरली बहीण, असें म्हटलें तर चालेल. २०१८ सालीं दक्षिण कोरियाच्या सरकारनें ओंडोलच्या रीतीस राष्ट्रीय वारशाचा मान दिला.

त्या खोलींतील शिष्टाचार तर आपल्या एकत्र कुटुंबांतल्या बायकांस ऐकण्यासारखे आहेत. चुलीजवळचा भाग सर्वांत ऊबदार. ती जागा घरांतल्या वडील माणसांची, किंवा आलेल्या पाहुण्याची. धाकट्यांनीं दूरच्या, गार टोकास बसावयाचें. घरचें कोणी रात्रीं उशिरां येणार असलें कीं भाताचें झाकलेलें भांडें त्याच ऊबदार जागीं रजईखालीं ठेवीत. आपल्याकडे झाकून ठेवलेल्या ताटाचा जो अर्थ, तोच तेथें त्या भांड्याचा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे बाळंतिणीस तीन सप्तकें, अर्थात् एकवीस दिवस, त्या ऊबदार खोलींत जपण्याची तेथें जुनी चाल आहे. तिच्या बाजेखालीं शेगडी नसे; खोलीची जमीनच तिची शेगडी. आजीबाईंच्या नातवानें थट्टा केली नव्हती. हजारों मैलांवरच्या आज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जें केलें, तेंच तो सांगत होता.

परंतु या गोष्टीची काळी बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. लांकडासाठीं कोरियांतील डोंगर उघडे पडूं लागले, तेव्हां विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथें घरोघर दगडी कोळशाच्या भुकटीच्या, मधमाशांच्या पोळ्यासारखीं भोंकें असलेल्या वड्या जाळूं लागले. वडी स्वस्त, सावकाश जळणारी आणि धूर न करणारी. गृहिणींना ती वरदानच वाटली. मात्र जमिनीस बारीक चीर गेली किंवा धुराडें तुंबलें, कीं वडीचा वायु झिरपून निजलेल्या माणसांच्या खोलींत येई. १९६० पासून पुढें दोन-अडीच दशकें त्या देशांत दर हिवाळ्यांत पुष्कळ माणसें, कित्येकदां सबंध कुटुंबें, झोंपेंतच दगावत असत. मुळ्याच्या लोणच्याचें आंबट पाणी पाजलें कीं विष उतरतें अशी लोकांची समजूत होती. तिचा उपयोग मुळींच होत नसे.

हें विष कोणतें? कोळसा भरपूर हवेंत नीट जळला नाहीं कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, डोळ्यांत पाणी आणण्याचा त्याचा गुणही नाहीं. आपल्या रक्तांतील तांबडा पदार्थ प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट धरून ठेवतो. मग श्वास चालू असूनही शरीर आंतून गुदमरतें. आरंभीं डोकें जड होतें, मळमळतें, सुस्ती येते. बाळंतीण थकली आहे, निजूं द्या, असें घरचीं माणसें म्हणतात. ‘धूर नसलेले निखारे’ म्हणजे निर्धोक निखारे, हा समज येथेंच घातक ठरतो. धूर हा शत्रु असला तरी तो ओरडून येतो; हा वायु चोरपावलांनीं येतो.

आम्ही हें पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाहीं. आमच्याच घरची गोष्ट आहे. आम्ही लहान असतांना आमच्या आत्याबाई पहिल्या बाळंतपणास माहेरीं आल्या होत्या. पौषाचा महिना, वारा सुटलेला. बाळंतिणीस वारा लागूं नये म्हणून खोलीची खिडकी लावून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बाजेखालीं शेगडी, ओवा, शेपा व वावडिंग यांची धुरी देऊन झालेली, निखारे छान लालबुंद, धुराचें नांव नाहीं. बाळ दर दोन तासांनीं दुधासाठीं रडून घर जागें करीत असे. त्या रात्रीं तें रडलें नाहीं. आमची आजी आवाजानें नव्हे, आवाज न आल्यानें जागी झाली. तिनें दार उघडून हांक मारली, तरी आत्याबाई हूं कीं चूं करीनात. बाळाची मान लोंबत होती. आजीनें आरडाओरडा करून सर्वांना उठविलें आणि दोघांनाही तशींच उचलून ओसरीवर आणविलें. माघाच्या तोंडावरची ती झोंबरी हवा, जिच्यापासून इतके दिवस त्यांना जपलें होतें, तिनेंच त्यांना परत आणलें. बऱ्याच वेळानें बाळ रडलें. त्या रडण्याइतकी गोड गोष्ट आमच्या घरानें पुढें कधीं ऐकली असेल असें वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बाहेरची बाधा झाली असें ठरून दृष्ट काढण्यांत आली, आणि शेगडी पुन्हां बाजेखालीं गेली. दैव बलवत्तर म्हणून त्या रात्रीं कोणीतरी दाराची फट मोकळी ठेवली. बाधा कसली होती हें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं रसायनशास्त्र शिकतांना कळलें. तोंवर आजी गेली होती. तिची चूक होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या स्वतःच्या बाळंतपणाचें घर कौलारू, कुडाच्या भिंतींचें होतें. त्याला हजार फटी होत्या, आणि त्या फटीच घरच्यांचा जीव राखीत होत्या. नंतर घरें पक्कीं झालीं, फटी बुजल्या. रीत मात्र तीच राहिली. जर्मनींतील आजचें घर तर असें बांधतात कीं वाऱ्याची झुळूकही आपल्या मर्जीनें आंत येऊं नये. तशा घरांत बंद खोलींत कोळशाची शेगडी म्हणजे आमच्या त्या रात्रीपेक्षां किती तरी पटीनें अधिक भय. आजीबाईंनीं शेगडी नाशिकांत ठेवावी असें आम्हीं आरंभीं लिहिलें, तें यासाठीं.

आतां त्या नव्या जमिनीविषयीं. तिची आजची रीत अशी कीं आग आणि जमीन यांची पुरती फारकत केलेली असते. उष्णता आणणारा वायु गेला, पाणी आलें. अमेरिकेचे प्रसिद्ध स्थापत्यकार फ्रँक लॉइड राइट हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तोकियोस गेले असतां एका जपानी धनिकाकडे जेवणानंतर त्यांना कोरियन पद्धतीच्या खोलींत नेण्यांत आलें; तेथील सुख त्यांच्या मनांत इतकें ठसलें कीं तोकियोंतील इंपीरियल हॉटेल बांधतांना त्यांनीं स्नानगृहांच्या जमिनीखालीं विजेनें ऊब देण्याची योजना केली, आणि १९३७ सालीं विस्कॉन्सिन प्रांतांत मॅडिसन येथें जेकब्स कुटुंबासाठीं बांधलेल्या लहान घराच्या जमिनीखालीं लोखंडी नळ घातले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन येथें हजारों घरें उठलीं; त्यांच्या काँक्रीटच्या जमिनींत तांब्याच्या नळ्या होत्या. कांहीं वर्षांनीं त्या ठिकठिकाणीं गळूं लागल्या, आणि गळती शोधण्यासाठीं जमीन फोडावी लागे. म्हणून अनेकांनीं ही पद्धत सोडून दिली. पुढें युरोपांत न गंजणाऱ्या, लवचीक प्लॅस्टिकच्या नळ्या निघाल्या. सांधा म्हणजे गळतीचें घर. या नळीचा एकेक वेढा जमिनीखालीं अखंड, एकही सांधा न ठेवतां घालतां येतो. तेव्हांपासून या पद्धतीनें पुन्हां मूळ धरलें, आणि आज जर्मनींतील पुष्कळ नव्या घरांत तीच असते. कोरियांतही आजच्या उंच इमारतींतील घरें जमिनीखालच्या ऊन पाण्यानेंच तापतात.

रचना सोपी आहे. सर्वांत खालीं उष्णता अडविणारा जाड थर, म्हणजे ऊब जमिनींत मुरून वायां जात नाहीं. त्यावर वीतभर किंवा त्याहून कमी अंतरानें नागमोडी अंथरलेली नळी. एका वेढ्याची लांबी साधारणपणें शंभर मीटरच्या आंत. नळींत दाबानें पाणी भरून गळती नाहीं याची खात्री केल्यावरच तिच्यावर काँक्रीट अगर तत्सम लेप ओततात, आणि वर फरशी बसवितात. पाणी उकळतें नसतें. पस्तीस ते पंचेचाळीस अंश सेंटिग्रेड, म्हणजे आपल्या न्हाणींतील ऊन पाण्याइतकेंच. इतकें कमी तापलेलें पाणी पुरतें, म्हणूनच बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून आंत आणणारे विजेचे पंप या पद्धतीस फार मानवतात. एक भाग वीज खर्चून तीन-चार भाग उष्णता ते घरांत आणूं शकतात.

आतां आजीबाईंना एक गोष्ट आधींच सांगून ठेवणें बरें, नाहीं तर पोहोंचतांच निराशा व्हावयाची. त्या जमिनीस हात लावून त्या म्हणतील, "ही कुठें गरम आहे?" युरोपीय नियमाप्रमाणें बसण्या-उठण्याच्या खोलीच्या जमिनीचें उष्णतामान एकोणतीस अंशांवर जातां कामा नये; स्नानगृहांत तेहतीस अंशांपर्यंत चालतें. आरंभींच्या काळांत युरोपांत जमिनी याहून तापवीत, आणि पाय सुजतात, जड होतात अशा तक्रारी येत. त्या अनुभवावरून ही मर्यादा आली. चांगल्या बांधणीच्या घरांत तर तेवीस-चोवीस अंशांवरच काम भागतें. आपल्या तळपायाहून ती जमीन थोडी गारच असते. ती पायांना गरम लागत नाहीं. फक्त बोचत नाहीं. शेगडीसारखी ती आपलें अस्तित्व जाणवून देत नाहीं. घरांतील कर्ती बाई जशी कोणाच्या ध्यानांत न येतां घर चालविते आणि ती माहेरीं गेल्यावरच सर्वांना कळतें, तशीच या उबेची तऱ्हा आहे.

बाळंतिणीच्या खोलीसाठीं चार सूचना करून ठेवतों. पहिली, बाळाचें अंथरूण थेट तापविलेल्या जमिनीवर घालूं नये. गादीखालीं ऊब कोंडते, वरून आजीच्या हातची गोधडी पडते, आणि बाळ फार तापतें. तान्ह्यास अतिशय थंडी जशी वाईट, तसें अति तापणेंही धोक्याचें असतें. पायांचा पाळणा किंवा खाट असावी, आणि बाळाच्या खोलींतील हवा सुमारें अठरा ते वीस अंश असली तर पुरे. बाळ पुरेसें ऊबदार आहे कीं नाहीं हें हातापायांवरून न पाहतां मानेमागें हात लावून पाहावें. दुसरी, जाड सतरंज्या व गालिचे अंथरूं नयेत. ते जमिनीची ऊब दाबून टाकतात. तिसरी, ही जमीन तापावयास कित्येक तास घेते. आज थंडी वाटली म्हणून कळ फिरवावी आणि लगेच ऊब यावी, असें होत नाहीं. अधीर होऊन ती वारंवार फिरवूं नये. चौथी सूचना स्वतः आजीबाईंसाठीं आहे. मधुमेहामुळें पायांची संवेदना कमी झाली असेल तर शेकण्याच्या कोणत्याही साधनाशीं सावध असावें. पायांस भाजलें तरी कळत नाहीं. या जमिनीचें उष्णतामान मर्यादेंत असल्यानें तें भय कमी आहे, तथापि स्नानगृहाच्या अधिक तापलेल्या फरशीवर अनवाणी फार वेळ उभें राहूं नये.

धुरीचें काय, असा प्रश्न उरतो. ओवा-शेपा तव्यावर भाजून पुरचुंडीनें शेकतां येतें. दूध वाढावें, वात जावा म्हणून द्यावयाचे लाडू, खीर यांस जर्मनींत कोणतीही आडकाठी नाहीं. बाळंतिणीच्या अंगास तेल, ऊन पाण्याचें स्नान, पोटास पट्टा व मनास विसांवा, हें सर्व आजीबाईंच्या हातांत आहे, आणि तें त्या मुलीस कोणतीही जमीन देऊं शकणार नाहीं. तेथें हवा अधूनमधून खिडकी उघडून मोकळी करण्याची चाल आहे. तीस विरोध करूं नये. बाळंतिणीस वस्त्र पांघरून पांच मिनिटें खिडकी उघडी ठेविल्यानें कांहीं बिघडत नाहीं. आमच्या आत्याबाईंना त्याच हवेनें वांचविलें, हें आम्ही विसरलों नाहीं.

शेवटीं इकडच्या घरांविषयीं. हा लेख वाचून कोणी पुण्या-नाशकास आपल्या नव्या घरांत अशा नळ्या घालूं लागेल, तर आम्ही त्यास थांबवूं. वर्षांतले थोडे दिवस, त्यांतही पहाटेचे चार तास, एवढ्यासाठीं इतका खटाटोप नको. पाट, चटई, पायमोजे, आणि दिवसा देवघरांत ऊन येईल अशी खिडकी, यांनीं आपल्या वडील माणसांचें भागतें. ज्या घरांत अजून पहाटे थंड फरशीवर अनवाणी उभें राहून कोणी वृद्धा पूजा करीत असेल, तेथें धाकट्यांनीं आजच एक लांकडी पाट नेऊन ठेवावा. कांहीं उष्ण देशांत याच नळ्यांत गार पाणी खेळवून जमीन थंड करतात. बँकॉकच्या २००६ सालीं उघडलेल्या मोठ्या विमानतळावर तशी योजना आहे. पण कोंकणांत पावसाळ्यांत फरशीस घाम फुटतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस अधिक गार फरशीचा धोका समजावून सांगावयास नको. हवेंतील ओलावा आधीं कमी केल्यावांचून तो प्रयोग साधत नाहीं. मात्र एक गोष्ट येथें आणि तेथें सारखीच लागू आहे. बंद खोलींत, निजलेल्या माणसाजवळ, कोळसा पेटता ठेवूं नये. मग तो कितीही लाल असो आणि त्याचा धूर कितीही दिसेनासा असो. ज्यांच्या घरीं येत्या थंडींत बाळंतपण आहे, त्यांनीं हें वाक्य घरांतील वडील बायकांस मोठ्यानें वाचून दाखवावें.

आजीबाईंना आमची एवढीच विनंती. जर्मनीच्या त्या घरांत पाऊल टाकल्यावर चपला दाराशीं काढाव्या, जमिनीवर बसकर मांडावें, आणि पणतवंडास मांडीवर घ्यावें. खालून जी सौम्य ऊब येईल ती कोरियाच्या आज्यांनीं राखली, रोमच्या गवंड्यांनीं बांधली आणि आपल्या वैलानेंही ओळखली होती. तिला परकें मानूं नये. शेगडीची जागा सामानांत रिकामी होईल, तेथें डिंकाचे लाडू ठेवावेत. सूनबाईंस सुखरूप मोकळी होवो, आणि बाळाचें पहिलें रडणें घरांतील सर्वांना, झोंप मोडली तरी, गोड लागो, अशी आमची मनापासून इच्छा आहे. कुशलाचें पत्र आलें कीं वाचकांस अवश्य कळवूं.